पोटाला लागलं नाही, तरी बाळाला कसं लागतं?

गरोदर बाईला घरात मारहाण झाली हे कळलं की आजूबाजूची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "पोटाला तर लागलं नाही ना?" ती नाही म्हणाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. थोबाडीत बसली, केस धरून ओढलं, रात्री घराबाहेर काढलं, दोन वेळचं जेवण बंद केलं. पण पोट वाचलं, म्हणजे बाळ वाचलं, असा हा हिशोब. शिकलेल्या घरांतही तो असाच मांडला जातो, आणि तो चुकीचा आहे. आईला मिळणारा त्रास बाळापर्यंत पोचायला पोटावरच मार बसावा लागतो असं नाही. तो तिच्या जेवणातून पोचतो, झोपेतून पोचतो, रक्तदाबातून आणि चुकलेल्या तपासण्यांतूनही पोचतो. हे नेमकं कसं घडतं ते नीट समजून घेऊ.

हिंसाचार म्हणजे फक्त मारहाण का?

नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात चार प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक. नवऱ्याने बळजबरीने संबंध ठेवणं त्यात येतं. "पोरगीच होणार तुला" म्हणून रोज टोमणे मारणं येतं. बायकोची कमाई काढून घेऊन तिला पैशापैशाला मोताद करणं हेही येतं. तक्रार नवऱ्याविरुद्ध करता येते, तशी सासू-सासरे, दीर, नणंद यांच्याविरुद्धही करता येते.

आर्थिक छळ हा शब्द कागदी वाटतो, पण सोलापुरात तो समजावून सांगावा लागू नये. इथे हजारो बायका कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरी विड्या वळतात. दिवसभर मान मोडून हजार विड्या वळल्यावर जी मजुरी हातात पडते, ती संध्याकाळी नवऱ्याने काढून घेतली, तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायला रिक्षाचे पैसे कुठून आणायचे? कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून शहरातल्या सरकारी रुग्णालयात यायचं म्हटलं, तरी खिशात काही तरी लागतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसाचार झाल्याचं सांगितलं. गरोदरपणात शारीरिक मारहाण झाल्याचं ३.१ टक्के जणींनी सांगितलं. आकडा लहान दिसतो, पण तो फक्त शारीरिक मारहाणीचा आहे आणि फक्त बोललेल्या बायकांचा आहे. त्याच सर्वेक्षणात असंही दिसलं की हिंसाचार सोसलेल्या बायकांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणींनी ना कुणाची मदत घेतली, ना कुणाला काही सांगितलं.

बाळाभोवती पाणी असतं ना, मग धक्का कसा बसतो?

बाळ गर्भजलात तरंगत असतं आणि लहानसहान धक्के ते पाणी झेलतं, हे खरं. चालताना टेबलाचा कोपरा लागला म्हणून घाबरायचं कारण नाही. पहिल्या तीन महिन्यांत तर गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांआड असतं. पण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर ते वर येतं, आणि तेव्हा जोराची लाथ, ढकलणं, जिन्यावरून पडणं यांत सगळ्यात मोठा धोका वारेला असतो.

वार म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेला तो अवयव, ज्यातून आईच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्न नाळेवाटे बाळाला मिळतं. गर्भाशय स्नायूंचं बनलेलं असतं, ते ताणतं, दबतं आणि पुन्हा पूर्ववत होतं. वार तशी ताणत नाही. ताणलेल्या कापडाला खळीने पुठ्ठा चिकटवला आणि कापडाला हिसका दिला, तर कापड लांबतं, पुठ्ठा लांबत नाही आणि मधली खळी सुटते. वारेचं तसंच होतं. ती भिंतीपासून अर्धवट किंवा पूर्ण सुटते आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. यासाठी पोटावर थेट मार बसायलाच हवा असं नाही. जोरात आपटून पाठीवर पडलं तरी तोच हिसका आत बसतो.

इथली फसवी गोष्ट अशी की वार सुटली म्हणजे बाहेर रक्त दिसेलच, याची खात्री नसते. कधी कधी रक्त वारेच्या मागेच साठून राहतं. पोट दगडासारखं कडक होतं, दुखतं, बाळाची हालचाल मंदावते, पण कपड्यावर डाग नसतो. म्हणून "रक्त गेलं नाही, झोप गुमान" हा घरगुती सल्ला जिवावर बेतू शकतो. पाच महिन्यांच्या पुढे पडणं किंवा मार लागणं झालं, तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात काही तास थांबून बाळाचे ठोके आणि गर्भाशयाच्या कळा तपासून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह, तर अशा माराने बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. मग आईचं शरीर त्या रक्ताविरुद्ध लढणारे घटक तयार करतं आणि ते पुढच्या बाळंतपणातल्या बाळावर उलटतात. हे टाळायला अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं, ते शक्यतो ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. मार लागल्याचं बाईने सांगितलंच नाही, तर ते इंजेक्शन द्यायचं डॉक्टरांना सुचणार कसं?

अंगाला हात लावला नाही, तर काय बिघडतं?

सतत भीतीत राहणाऱ्या माणसाचं शरीर कायम सावध असतं. बाहेर चपलांचा आवाज आला की छाती धडधडते, कारण नवरा कुठल्या मनःस्थितीत येतोय हे माहीत नसतं. अशा वेळी मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं रक्तात सोडतात. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागाने दुसऱ्या भागाला रक्तातून पाठवलेला रासायनिक निरोप. या निरोपाने रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त वळतं आणि गर्भाशयाकडे जाणारं कमी होऊ शकतं.

एखाद्या दिवशी असं झालं तर निसर्गाने सोय केलेली आहे. वारेत एक पदार्थ असतो, जो आईच्या कॉर्टिसोलचा मोठा भाग निष्प्रभ करून मगच बाळाकडे जाऊ देतो. पण ताण महिनोन् महिने चालला की ही गाळणी कमी पडू लागते असं संशोधनात दिसलं आहे. शिवाय दीर्घ ताणात वार स्वतःच असं संप्रेरक जास्त बनवू लागते, ज्याचा प्रसूती सुरू होण्याशी संबंध आहे. ३७ आठवड्यांच्या आधी बाळंत होण्याचा धोका वाढतो तो काही अंशी यामुळे.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. नवरा-बायकोत एकदा वाजलं, एक रात्र रडून काढली, एवढ्याने बाळाला इजा होत नाही. हे वाचून कुणी गरोदर बाई आणखी धास्तावली, तर लेखाचा उलटाच परिणाम व्हायचा. त्रास सोसणाऱ्या सगळ्याच जणींची बाळं कमी वजनाची होतात असंही नाही. आणि झालं तर तो दोष त्या आईचा नाही. "तू टेन्शन घेतेस म्हणून बाळ वाढत नाही" हे वाक्य तिला टेन्शन देणारी माणसंच म्हणतात, तेव्हा फार राग येतो.

ताट, घागर आणि तपासणीचं कार्ड

संप्रेरकांचं नाव ऐकून वाटतं की हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे. प्रत्यक्षात बहुतेक नुकसान फार साध्या वाटेने होतं. जाच असलेल्या घरात सून सगळ्यात शेवटी जेवते आणि उरलेलं जेवते. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तिला रक्तक्षय झाला असं मानतात. त्यासाठी सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या १८० दिवस पुरतील इतक्या फुकट मिळतात. पण "गोळ्यांनी पोरगं काळं होतं" म्हणून सासूने त्या फेकून दिल्या, तर? रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात झालेला साधा रक्तस्रावही झेपत नाही.

सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. आलं की मध्यरात्रीसुद्धा उठून पिंपं, घागरी, बादल्या भरून ठेवायच्या. घरात दोन धडधाकट माणसं झोपलेली असताना आठव्या महिन्यातली बाई एकटीच भरलेल्या घागरी उचलत असेल, तर त्याला कामसूपणा म्हणू नये.

तंबाखूचंही तेच. मिश्री लावायची सवय ताण वाढला की वाढते, दिवसातून दोनदाची पाचदा होते. विड्या वळणारीच्या नाकातोंडात तंबाखूची धूळ जाते ती वेगळीच. निकोटीनने वारेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचं वजन कमी भरतं. तिला नुसतं "मिश्री सोड" म्हणून भागत नाही, ती कशासाठी लावते हेही बघावं लागतं.

मग येते तपासणी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सुविधा आहे, पण तिथवर जायला घरातून परवानगी हवी. चेहऱ्यावर वळ असला की तो उतरेपर्यंत तिला बाहेर सोडत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच नऊ तारीख निघून जाते. वाढलेला रक्तदाब किंवा साखर आठव्या महिन्यात कळते, जी पाचव्यात कळायला हवी होती.

बळजबरीच्या संबंधांमुळे मूत्रमार्गाचा किंवा योनीमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, आणि उपचार न झालेला संसर्ग हे वेळेआधी कळा येण्याचं एक ठळक कारण आहे. याबद्दल तर बायका डॉक्टरांशीही बोलत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. जोडीदाराचा हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांना कमी वजनाचं, म्हणजे अडीच किलोपेक्षा हलकं बाळ होण्याची शक्यता इतरांपेक्षा १६ टक्क्यांनी जास्त आढळली, आणि त्यांना नैराश्य येण्याची शक्यता जवळपास दुप्पट. कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि मोठेपणी मधुमेह व हृदयविकाराचा धोकाही त्याला जास्त असतो.

"पोटुशी बाईला कोण मारतं?"

डोहाळजेवण करणारा, ओटी भरणारा आपला समाज. त्यामुळे हा प्रश्न मनापासून विचारला जातो. काही घरांत गरोदरपणात मारहाण खरोखर थांबते. काही घरांत ती तशीच चालू राहते आणि काही ठिकाणी तेव्हाच सुरू होते. बायकोचं लक्ष आता आपल्यावर नाही, ती संबंधांना नकार देते, खर्च वाढणार आहे, मूल आपलंच आहे का असा संशय आहे, पहिल्या दोन मुलीच आहेत, अशी निमित्तं असतात. मुलगा की मुलगी हे पुरुषाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, हे शाळेत शिकवलं जातं, तरी मार बाईच खाते. लिंगनिदान करायला लावणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाईच्या मनाविरुद्ध तिचा गर्भपात करणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गंभीर गुन्हा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही होऊ शकते.

"घरचा मामला आहे, डॉक्टरांनी त्यात का पडावं?"

कारण हे रक्तदाबाइतकंच वैद्यकीय कारण आहे, आणि ते कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही. विचारावं लागतं. गरोदरपणाच्या तपासणीत याची चौकशी करण्याचा गांभीर्याने विचार व्हावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे, पण त्याला एक अट आहे : बाई एकटी असताना, आणि पुढची मदत देण्याची सोय असताना.

एकटी असताना, हीच तर अडचण. कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पाहा. डॉक्टर सुनेला विचारतात, जेवण जातं का, झोप लागते का, आणि उत्तर सासू देते. सोलापुरात यावर आणखी एक थर चढतो. इथे मराठीइतक्याच सहज तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं आहेत. तेलंगणातून किंवा कर्नाटकातून लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिली एक-दोन वर्षं मराठी धड येत नाही. तेव्हा तिच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये दुभाष्या कोण? तीच सासू, नाही तर नवरा. कोपराच्या वर चार बोटांचे निळे ठसे. डॉक्टर विचारतात, हे कसं झालं? सासू तेलुगूत काही तरी म्हणते, मुलगी मान खाली घालते, सासू मराठीत सांगते, "मोरीत पाय घसरला." मोरीत घसरलेल्या बाईच्या दंडावर बोटांचे ठसे उमटत नाहीत. अशा वेळी परिचारिकांपैकी, सफाई कामगारांपैकी, आशाताईंपैकी तिची भाषा येणारं कुणी तरी बोलवावं. या शहरात ते मिळणं मुळीच अवघड नाही.

बाईला एकटं गाठणंही जमतं. वजन घेताना, पोट तपासताना, लघवीचा नमुना द्यायला जाताना नातेवाइकांना बाहेर थांबवलं तर कुणाला संशय येत नाही. प्रश्न साधा असावा : "आम्ही सगळ्याच बायकांना हे विचारतो. घरात कुणी अंगावर हात टाकतं का? कुणाची भीती वाटते का?" ती नाही म्हणाली तर तिथेच थांबावं. पुढच्या खेपेला पुन्हा विचारावं. अनेक जणी दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारल्यावर बोलतात.

"बायका खोट्या तक्रारीही करतात" हा आक्षेप इथे हमखास येतो. तक्रार खरी की खोटी हे कोर्ट ठरवेल. डॉक्टरांचं काम जखम बघणं, तिच्यावर उपचार करणं आणि ती जे सांगते ते तिच्या शब्दांत नोंदवून ठेवणं एवढंच आहे. २००५ च्या कायद्यानुसार दवाखान्याने तिला उपचार द्यायलाच हवेत, आधी कुठे तक्रार केली का हे बघून नाही. आणि केसपेपरवर त्या दिवशी नीट लिहिलेल्या चार ओळी तिला पुढे दोन वर्षांनी कोर्टात उपयोगी पडतात.

महाराष्ट्रात हे करून दाखवलेलं आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' हे केंद्र २००० साली सुरू केलं. मलमपट्टी आणि समुपदेशन एकाच छताखाली. पुढे तसंच काम इतर रुग्णालयांतही सुरू झालं.

"मग ती माहेरी का जात नाही?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज काही काळ वाचवतो. दुसऱ्या खेपेला पहिलं पोर शाळेत असतं, माहेरी भावजय आलेली असते, आई थकलेली असते. "दोन दिवस राहा आणि जा" असं प्रेमानेच सांगितलं जातं. शिवाय घर सोडायची वेळ हीच बऱ्याचदा सगळ्यात धोक्याची असते, कारण आपला ताबा सुटतोय हे पाहून मारणारा जास्त चवताळतो. म्हणून "निघ तिथून" असा सल्ला देऊन मोकळं होऊ नये. कधी निघायचं हे तीच ठरवू शकते, तिला ते घर माहीत असतं.

आणि घर सोडावंच लागतं असंही नाही. घर कुणाच्याही नावावर असो, एकत्र राहत असलेल्या घरात राहण्याचा हक्क तिला २००५ चा कायदा देतो. त्रास देणाऱ्याला दूर ठेवण्याचा आदेश, खर्चासाठी पैसे, मुलांचा ताबा हे सगळं दंडाधिकाऱ्यांकडे एकाच अर्जात मागता येतं. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत व्हावी असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात उशीर होतो. अर्ज भरून द्यायला संरक्षण अधिकारी असतात. वकिलाचे पैसे नसले तरी अडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो.

बाळ झालं की थांबेल का?

थांबेल या आशेवर बायका नऊ महिने काढतात. बाळंतपणानंतर रात्रीची जागरणं, रडणारं मूल, वाढलेला खर्च यांत त्रास बहुधा चालूच राहतो. मुलगी झाली असेल तर वाढतोही. अशा आईला बाळंतपणानंतरचं नैराश्य येण्याची शक्यता जास्त. ती बाळाकडे बघत नाही, जेवत नाही, अंगावर पाजायला टाळते. घरचे तिला आळशी ठरवतात. बाळंतिणीच्या तोंडून "मी नसलेली बरी" असं एकदाही निघालं, तर त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्यावं आणि तोवर एकटं सोडू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६, तिथे फोनवर मराठीत बोलता येतं.

शेजारच्या घरात हे चाललं असेल तर

मार लागल्यावर पोट कडक होणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर आधी रुग्णालय, बाकी सगळं नंतर. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, रात्री-अपरात्रीही जाता येतं.

मारहाण चालू असताना पोलिसांसाठी ११२. सल्ल्यासाठी आणि मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१. वन स्टॉप सेंटर, ज्याला सखी केंद्र म्हणतात, तिथे उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन यांची सोय एका ठिकाणाहून होते आणि काही दिवस राहताही येतं.

आशाताईंना एक विनंती. तुम्हाला घराघरांत प्रवेश आहे, तो टिकला पाहिजे. ऐकलेली गोष्ट ओट्यावर बोलू नका, नवऱ्याला जाब विचारायला एकट्या जाऊ नका, तिला नंबर लिहिलेली चिठ्ठीही देऊ नका, ती सापडली तर तिलाच मार बसतो. नंबर तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या. गरोदरपणाचं कार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि रक्तगटाचा कागद यांची एकेक छायाप्रत ती तुमच्याकडे किंवा विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवू शकते. थोडे पैसे आणि एक साडीही. तिच्या मोबाइलवरून १८१ ला फोन केला असेल, तर तो नंबर यादीतून पुसायला तिला शिकवा. नवरा रात्री मोबाइल तपासतो का, हे तिला आधीच विचारून घ्या.